फ्यूजताईचा दुसरा धडा

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी धुकं, नंतर कोरडं ऊन. दूधवाला उशिरा आला, सायकलची चेन तुटली म्हणाला. दुपारी बाहेरच्या खोलीचे पडदे धुतले. नात शाळेत पट्टी हरवून आली. सूनबाईचा आज तपासणीचा धडा होता. घरी आली ती काही बोलली नाही. हातपाय न धुता बंद पडलेली इस्त्री उघडून बसली. इस्त्री चालू झाली. धडा नापास असावा.

सासूबाईंचा हा अंदाज खरा निघाला. रोज डायरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोण काय बोललं यापेक्षा कोण आल्या आल्या काय करायला घेतं, हेच त्याच्या डोळ्यांत आधी भरतं. त्यांची सून खुशीत असली की चहा टाकायची, चिडली की भांडी आपटायची आणि कुठे हरून आली की घरातलं काहीतरी दुरुस्त करायची. त्यामुळे त्या घरात बिघडलेली वस्तू फार दिवस टिकत नसे.

सूनबाई एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. शाळेतलं तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. मुलांपासून मोठ्या सरांपर्यंत सगळे तिला फ्यूजताई म्हणत. नोकरीला लागली त्याच वर्षी शाळेचा वार्षिक समारंभ होता. मोठ्या सरांचं भाषण रंगात आलं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मते रंगात आलं, आणि सभागृहातले दिवे गेले. मुलांना वाटलं, सुटलो. तेवढ्यात ही नवी सहायक अंधारात चाचपडत विजेच्या फलकापाशी गेली, फ्यूज बदलला आणि दिवे लागले. भाषण पुढे बराच वेळ चाललं. मुलांनी त्याबद्दल तिला कधी माफ केलं नाही, पण नाव मात्र दिलं.

प्रयोगशाळा तिच्या हातची होती. कुठल्या कपाटाचं दार कुठे दाबलं की उघडतं, कुठल्या नळाला पाणी थुंकायची सवय आहे, हे तिला डोळे मिटून ठाऊक. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ती टेबलांमधून फेऱ्या मारायची. कुणाचा स्क्रू सैल दिसला की जाता जाता पिळायचा, क्लिप सटकली असेल तर अंगठ्याने दाबायची आणि पुढे जायचं. मुलांमध्ये समजच होती, की फ्यूजताई टेबलाजवळून गेली की दिवा लागतो. त्यात काही गैर आहे असं तिला कधी वाटलं नाही. सैल स्क्रू हा स्क्रूचा दोष. त्याची शिक्षा मुलाला कशाला?

एक गोष्ट मात्र तिला आत कुठेतरी टोचायची. प्रयोग झाला, दिवा लागला, की विज्ञानाचे सर खडू उचलून फळ्याकडे वळत आणि तो का लागला ते सांगायला लागत. नेमकी तेव्हाच ही मागच्या मोरीत काचेची भांडी विसळत असायची. नळाच्या आवाजात अर्धं वाक्य ऐकू यायचं, अर्धं वाहून जायचं. एखादा पोरगा मोरीपाशी येऊन विचारायचा, "ताई, पण असं का होतं?" तोंडात उत्तर असायचं, तोवर सर म्हणायचे, "तिकडे काय चाललंय? ताईंना काम करू दे." सर माणूस वाईट नव्हता. पण ती रीतच होती. सामान काढणं हिच्याकडे, समजावणं त्यांच्याकडे.

म्हणून तिने पत्राद्वारे शिकत पदवी घेतली. लेक पोटात होती तेव्हा सुरुवात केली आणि लेक जोडाक्षरं लिहायला लागली तेव्हा पदवी हातात पडली. मग शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाने गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक नवा वर्ग काढला आणि तिने बिनपगारी रजा टाकली. विज्ञानाचे सर या वर्षअखेर निवृत्त होणार होते. मोठ्या सरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "ताई, तुमचं प्रमाणपत्र आलं तर ती खुर्ची तुमची. नाही आलं तर मला जाहिरात द्यावी लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही." एकदा बाहेरचा तरुण माणूस त्या खुर्चीत बसला, की तो निवृत्त होईपर्यंत फ्यूजताई मोरीतच.

त्या नव्या वर्गाची गंमत अशी, की तिथे कुणीच कुणासारखं नव्हतं. महाविद्यालयाच्या प्रमुखांनी पहिल्या दिवशी सरळच सांगितलं, "वर्गात मुलं शंभर तऱ्हेची आणि फळ्याजवळ मात्र एकाच साच्यातून काढलेले आम्ही. ते आता पुरे झालं." त्यामुळे बाकांवर एक माजी परिचारिका होती, बोटीच्या इंजिनावर काम करताना पाय गमावलेला एक फिटर होता, रस्ते झाडणाऱ्या आई-बापाचा गणितात सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा होता, आणि घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या डोंगरवस्तीतल्या दोघी बहिणी होत्या. फ्यूजताईला जोडीदारीण मिळाली ती लहानपणापासून ऐकू न येणारी एक तरुण मुलगी. गणिताची पदवीधर. ओठ बघून बोलणं समजून घ्यायची आणि स्वतः जरा मोठ्याने, एका सुरात बोलायची. वर्गाने तिचं नाव दुर्बीण ठेवलं, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. ते नाव तिला आवडलं होतं. "बहिरीपेक्षा बरं आहे," ती म्हणायची, "आणि खरंही आहे."

दुर्बीणचे धडे बघण्यासारखे असत. मुलांना तिच्याकडे तोंड करून, एकेकाने, नीट बोलावं लागे. पुटपुटून भागत नसे. बाकीच्या शिक्षकांना मुलाचं अर्धं ऐकून मान डोलावता येते, हिला ती सोयच नव्हती. "पुन्हा सांग. तुझं समजलं नाही मला," असं ती म्हणायची, आणि पुन्हा सांगताना मुलाला स्वतःचीच चूक सापडायची.

आणि आता त्या मंगळवारच्या धड्याविषयी.

विषय होता दोन दिव्यांची जोडणी. एकामागे एक जोडले तर काय होतं, आणि दोघांना आपापली वेगळी वाट दिली तर काय होतं. फ्यूजताईने आदल्या दिवशी सगळं सामान घरी आणलं. बल्ब एकेक तपासून सारख्या उजेडाचे निवडले. सेलची टोकं घासून चकचकीत केली. वायरींची टोकं सोलून, पीळ देऊन ठेवली. धड्याच्या दिवशी वर्गात एकही दिवा अडला नाही. जिथे अडेलसं वाटलं तिथे ती आधीच पोहोचली होती.

मार्गदर्शक बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्या कृश होत्या, आणि शाळांचे बाक टणक, म्हणून जाईल तिथे काखेत स्वतःची उशी घेऊन जात. विद्यार्थी त्यांना मागे उशीवाल्या बाई म्हणत. त्यांनी उशी उचलली की तपासणी संपली असं समजायचं. त्या दिवशी त्यांनी उशी तास संपायच्या कितीतरी आधी उचलली.

नंतर रिकाम्या वर्गात त्यांनी विचारलं, "कसा झाला धडा? तुमचं मत सांगा."

"चांगला झाला," फ्यूजताई म्हणाली. "सगळे दिवे लागले."

"लागले. कुणी लावले?"

"मुलांनी."

"खिडकीजवळच्या त्या गुटगुटीत मुलाला मी विचारलं, बाळा, दिवा का लागला? काय म्हणाला सांगू? ‘ताई आल्या ना टेबलापाशी.’"

ती फ्यूजताईची शाळाही नव्हती. त्या मुलांनी तिला जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं. तरी एका तासात त्यांनाही ते कळलं होतं.

"प्रयोग सुरेख झाला," बाई म्हणाल्या. "फक्त तो तुम्ही केलात. तुम्हाला तो येतो हे मला आधीच माहीत होतं." आणि तपासणीपत्रकावर ‘धडा पुन्हा घ्यावा’ असं लिहिलं. धडा पुन्हा घ्यायची संधी एकदाच मिळत असे. तोही नापास झाला तर पुढच्या वर्षी वर्गात पहिल्यापासून बसायचं, आणि तोवर ती खुर्ची कुणीतरी पटकावलेली असणार.

फ्यूजताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे दिवे लागले नसते तर चाललं असतं?"

"याचं उत्तर मी दिलं, तर तुम्ही मुलांचं केलंत तसं मीही तुमचं काम केल्यासारखं होईल," असं म्हणून बाई उशी काखेत मारून निघून गेल्या.

घरी आल्यावर इस्त्रीचं जे झालं ते डायरीत आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर बसून डबा खाताना तिने दुर्बीणला सगळं सांगितलं. मुलं दिव्याविना राहू द्यायची, हे कसलं शिकवणं, म्हणून बराच त्रागा केला. दुर्बीणने शांतपणे पाव संपवला, हात पुसले.

"ताई, मी तुमचा धडा बघितला. खरं बोलू?"

"बोल. तुझ्या जिभेला कुठे हाड आहे?"

"तुम्ही प्रश्न विचारता तो छान विचारता. पण उत्तर यायच्या आत तुमचे हात उत्तर देऊन मोकळे होतात. मुलगा तोंड उघडेपर्यंत दिवा लागलेलासुद्धा असतो. मग तो कशाला बोलेल? आणि दुसरं. दुरुस्त करायला वाकलात की तुमची पाठ माझ्याकडे होते. मग माझ्यासाठी तुमचा रेडिओ बंद. मागच्या बाकांवरच्या मुलांनाही तुमची पाठच दिसते."

"अगं, पण समोर चूक दिसतेय आणि गप्प बसायचं? मला नाही जमणार. हातांना सवय आहे."

"मग कुणीतरी बांधून ठेवा तुमचे हात," दुर्बीण म्हणाली आणि हसली.

फ्यूजताईने ते संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, थट्टा म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत. त्या नन्सच्या शाळेत शिकलेल्या. तिथे पोक काढून चालणाऱ्या मुलीला व्याख्यान देत नसत, तिच्या डोक्यावर जाड पुस्तक ठेवून वऱ्हांड्यातून चालायला लावत. सवयीशी वाद घालायचा नसतो, तिला काहीतरी काम द्यायचं असतं, हे त्या तिथे शिकल्या होत्या.

शनिवारी दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली. "इकडे ये जरा. माझी लोकर गुंडाळायची आहे. लड धरून बस."

ज्यांनी लोकरीची लड धरली आहे त्यांना ठाऊक असेल, ते एक प्रकारचं अटक होणंच असतं. दोन्ही हात पुढे करायचे, मनगटांवर लड ताणून धरायची, आणि समोरच्याचा गुंडा होईपर्यंत नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. फ्यूजताई जेवणाच्या टेबलाशी अशी बसली आणि मग तिला दिसलं, की सासूबाईंनी टेबलावर जुन्या विजेरीतला सेल, वायरी आणि बल्ब मांडून ठेवले आहेत, आणि आपली लेक खुर्ची ओढते आहे.

"आजी म्हणाली यातून दिवा लागतो," लेक म्हणाली.

"लागतो," आजी म्हणाल्या. "कसा ते मला विचारू नकोस, मला येत नाही. आणि तुझी आई कामात आहे."

लेकीने वायरी जोडल्या. दिवा लागला नाही. फ्यूजताईला बसल्या जागेवरून दिसत होतं, की पोरीने दोन्ही वायरी बल्बच्या एकाच बाजूला चिकटवल्या आहेत. तिचा उजवा हात आपोआप उठला.

"लड ओढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "गुंता झाला तर तूच सोडवायचास."

"आई, हे लागत नाहीये."

"हं."

"हं काय? सांग ना!"

"तुला काय वाटतं, का लागत नसेल?"

लेकीने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मला वाटतं तू आज दुष्ट आहेस."

सासूबाईंचा गुंडा फिरत राहिला. लेकीने सेल उलटा केला. बल्ब कानाशी हलवून पाहिला. टेबलावर डोकं ठेवून उसासा टाकला. मग "मला नाही करायचं जा" म्हणून सगळं टाकून बाहेर खेळायला पळाली. फ्यूजताईच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या वर्षांत कुणाला तिने असं उघड्यावर टाकलं नव्हतं.

याच वेळी तिचा नवरा डोळे चोळत आतून आला. तो बेकरीत भट्टीवर होता, पहाटे कामाला जायचा आणि दुपारी झोपायचा. बायको दोन्ही हात पुढे करून, आई समोर, असा देखावा पाहून तो दारातच थांबला. "कसल्या गुन्ह्यात सापडली ही?"

"अहो, गप्प बसा."

"आई, जामीन किती?"

"तू पाणी पी आणि तोंड धू," सासूबाई म्हणाल्या.

लड जवळजवळ संपत आली तेव्हा लेक धापा टाकत परत आली. खेळता खेळता मध्येच तिला काहीतरी सुचलं होतं. "दोन्ही एकाच बाजूला होत्या! एक खाली हवी! वेडी मी!" असं म्हणत तिने एक वायर काढून बल्बच्या बुडाशी टेकवली. दिवा लागला. मग तिने तो सगळ्यांना दाखवला, बाबांना, आजीला, शेजारच्या मुलीला खिडकीतून. फक्त आईला दाखवला नाही. तिच्यावर अजून राग होता.

त्या संध्याकाळी फ्यूजताईने काहीही दुरुस्त केलं नाही. न्हाणीघराचा नळ गळत होता तोही तसाच राहिला.

दुसरा धडा पुढच्या आठवड्यात होता, त्याच शाळेत, पण वेगळ्या तुकडीवर. सामानाचा पत्र्याचा डबा शाळेच्याच कपाटातून घ्यायचा होता. फ्यूजताई लवकर गेली. डब्यातल्या फुटक्या काचा तेवढ्या वेचून काढल्या, कारण मुलांची बोटं कापलेली चालणार नव्हती. बाकी कशाला हात लावला नाही. सेल मळके, वायरी जुन्या, बल्ब मिसळलेले. असा डबा वर्गात न्यायचा म्हणजे अंघोळ न करता लग्नाला जाण्यासारखं वाटत होतं. तिने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दुर्बीण डब्याचा दुसरा कान धरून उभी होती. ती म्हणाली, "चला ताई, आता झाकण झिजेल."

उशीवाल्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

टेबलाटेबलांवर मुलांचे गट बसले. फ्यूजताईने फळ्यावर आकृती काढली, थोडक्यात काय करायचं ते सांगितलं आणि सामान वाटलं. लगेच गोंगाट सुरू झाला. पुढच्या टेबलावर दोन दिवे एकामागे एक जोडले गेले आणि लागले, पण मिणमिणते.

"ताई, पहिला दिवा सगळं खाऊन टाकतो," एक मुलगा म्हणाला. "उरलंसुरलं दुसऱ्याला मिळतं."

चूक होतं. तिच्या ओठावर बरोबर उत्तर आलं होतं. तिने ते परत गिळलं. "मग पहिला जास्त उजळ दिसायला हवा. दिसतो का?"

मुलं बल्बवर वाकली. हातांचे आडोसे केले. "दोन्ही सारखेच आहेत," दुसरा म्हणाला. पहिला मुलगा म्हणाला, "मग बल्ब उलटसुलट करून बघू." ते त्यांच्या कामाला लागले आणि फ्यूजताई पुढे गेली. हे तिला जमलं.

खरं घोडं अडलं ते दाराजवळच्या टेबलावर. तिथे एक लांब वेणीची मुलगी होती आणि बोटाला पट्टी बांधलेला एक मुलगा. त्यांनी एकच दिवा आधी लावून बघायचं ठरवलं होतं आणि तोच लागत नव्हता. फ्यूजताईला चार पावलांवरून दिसलं. लाल वायर एका जागी मान टाकून पडली होती. वायर आतून तुटली, की वरचं प्लास्टिक अखंड दिसतं, पण तेवढी जागा लुळी पडते. दोन बोटांनी ती जागा उचलून धरली असती तर दिवा लागला असता.

तिने हात कोटाच्या खिशात घातले. उजव्या खिशात तिचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता. तो तिथे कधी आला ते तिलाही माहीत नव्हतं. मूठ त्याच्याभोवती बसली. मग तिने तो बाहेर काढला, बाजूच्या बाकावर बसलेल्या दुर्बीणच्या हातात दिला आणि तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "हे धर. मागितलं तरी देऊ नकोस."

"ताई, आमचा सेल मेलेला आहे," वेणीवाली म्हणाली.

"कशावरून?"

"दिवा लागत नाही ना."

"आणखी कशावरून कळेल?"

वेणीवालीने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे दिवा झकास लागला होता. "ए, तुमचा सेल दे जरा."

"का म्हणून? तुम्ही तोही मारून टाकाल."

"आमचा घे ना बदल्यात."

"मेलेला? शहाणीच आहेस!"

बराच वाद झाला आणि सेलची अदलाबदल झाली. शेजारच्यांचा सेल घालूनही इकडचा दिवा लागला नाही. मेलेला म्हणवला जाणारा सेल मात्र शेजारी छान चालला. "म्हणजे आमचा चांगला होता!" पट्टीवाला मुलगा असं म्हणाला, जणू कुणी त्याच्या घरच्या माणसावर आळ घेतला होता. मग त्यांनी बल्बचीही तशीच अदलाबदल करून पाहिली. तोही चांगला निघाला.

भिंतीवरचं घड्याळ तास संपत आल्याचं सांगत होतं. बाकीच्या टेबलांचं काम उरकलं होतं. सगळ्या वर्गात न लागलेला दिवा तेवढा एकच, आणि तो बरोबर शेवटच्या बाकाच्या समोर. उशीवाल्या बाईंना तो दिसत नाही असं म्हणायची सोय नव्हती. फ्यूजताईच्या मनात ती खुर्ची आली. मोरीही आली. दोन बोटं. कुणाला कळणारही नाही. टेबलाजवळून नुसतं जायचं.

ती टेबलापाशी गेली. मुलांनी वर पाहिलं. तिने हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

"तास संपतोय," ती म्हणाली. "आतापर्यंत काय काय नक्की झालं?"

"सेल चांगला आहे," वेणीवाली म्हणाली.

"बल्ब चांगला आहे," पट्टीवाला म्हणाला.

"आणि काय बघायचं राहिलं?"

दोघं समोरच्या पसाऱ्याकडे पाहत राहिली. वेणीवालीने तोंड उघडलं आणि घंटा झाली.

मुलं दप्तरं उचलून दाराकडे सुटली. वेणीवाली जाईना. पुढच्या तासाचं सामान घेऊन दुसरा शिक्षक दारात उभा राहिला तेव्हा कुठे ती निघाली, तीही मागे बघत. उशीवाल्या बाईंनी तिला वाटेतच अडवलं.

"का गं, तुमचा दिवा का नाही लागला?"

"अजून माहीत नाही. पण सेल चांगला आहे आणि बल्बही चांगला आहे. मधल्या सुट्टीत आम्ही वायरी बघणार आहोत." मग तिने वळून फ्यूजताईला बजावलं, "ताई, आमचं सामान आवरू नका हं. आहे तसं ठेवा."

आवरू नका, असं फ्यूजताईला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिने तो पसारा जसाच्या तसा एका पुठ्ठ्यावर सरकवला, आणि तिने आणि दुर्बीणने तो पुठ्ठा दोन बाजूंनी धरून बाजूच्या रिकाम्या खोलीत नेला. बाई मागोमाग आल्या. त्यांनी पत्रक पुढे केलं. फळ्यावरची आकृती वाकडी. वेळेचं नियोजन कच्चं. एका गटाला निष्कर्षापर्यंत नेलं नाही. खाली लिहिलं होतं, उत्तीर्ण.

फ्यूजताईने ते दोनदा वाचलं. "गट अर्धवट राहिला तरी?"

"त्याचे गुण कापलेत की," बाई म्हणाल्या. "मी कुणाला सोडत नाही." त्यांनी उशी काखेत घेतली, दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. "मधली सुट्टी कधी होते इथे?"

"आता हा तास झाला की."

बाईंनी खिडकीजवळच्या बाकावर उशी ठेवली आणि बसल्या.

सुट्टी होताच दोघं पळतच आली. खाऊचे डबे हातात तसेच होते. त्यांनी निळी वायर बदलली, काही झालं नाही. लाल वायर बदलली आणि दिवा लागला. पट्टीवाल्याने काढलेली लाल वायर हातात धरून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. "इथे लुळी आहे ही. आतून तुटलीये. ताई, वरून कळतच नाही!"

"हो का? बघू," फ्यूजताई म्हणाली आणि अगदी लक्षपूर्वक बघितलं.

दुर्बीण तोंडावर हात ठेवून हसत होती. मुलं गेल्यावर म्हणाली, "ताई, तुमचं बाकी सगळं सुधारेल. पण खोटं बोलताना चेहरा तेवढा सांभाळा, लांबून वाचता येतो." आणि तिने स्क्रूड्रायव्हर परत केला.

घरी आल्यावर फ्यूजताईने आधी चहा टाकला. सासूबाई भांड्यांच्या मांडणीपाशी होत्या. त्यांनी चहाचा वास घेतला आणि काही विचारलं नाही. मग तिनेच सगळं सांगितलं, कापलेल्या गुणांसकट. मोठ्या सरांना फोन झाला. ते म्हणाले, "छान, आता जाहिरातीचे पैसे वाचले," आणि मग बराच वेळ बोलत राहिले, कारण त्यांची ती सवय होती आणि या वेळी फ्यूज काही गेला नाही.

चहा झाल्यावर तिने लेकीला बोलावलं. टाकीचं पाणी आधी बंद केलं, मग पाना आणि रबराचा नवा वॉशर तिच्या हातात दिला आणि स्वतः न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. सासूबाईंची लोकर घेऊन, दोन्ही हात पुढे करून.

"आता आपल्या घरात सगळी कामं नवशिके करणार वाटतं," नवरा म्हणाला.

"तुम्हालाही पाना देऊ का?"

तो लगेच पावाचं काहीतरी राहिलंय म्हणत बाहेर गेला.

सासूबाईंनी लोकर गुंडाळून झाल्यावर चष्मा पुसला आणि डायरी उघडली. हवा, दूध, धुणं लिहिलं. सूनबाई पास, असं लिहिलं. शेवटची ओळ अशी: न्हाणीघराच्या नळाचा वॉशर आज नातीने बदलला. नळ अजून गळतो. खाली निळी बादली ठेवली आहे.